घर चुकलेला पाहुणा

"पाहुणा घर चुकला असन," असे म्हणून मुन्शीजी चष्मा काढीत, सदऱ्याच्या टोकाने पुशीत आणि पुसून झाल्यावर तो डोळ्यांवर न चढवता कपाळावर ठेवून देत. मग समोरच्या माणसाकडे उघड्या डोळ्यांनी पाहत. कागद पाहायचा असला तरच चष्मा खाली येई. माणूस पाहायचा असला की तो कपाळावर.

पाहुणा म्हणजे पैसा. कोणी भरलेला पण खात्यात न दिसणारा, कोणाचा तरी कोणाकडे जाऊन बसलेला. आमच्या बँकेच्या दारव्ह्याच्या शाखेत असा पैसा शोधून काढण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या कामाला टेबल नव्हते, हुद्दा नव्हता, आणि पगारही जुन्या कारकुनाचाच होता. 'मुन्शीजी' म्हणून त्यांना सारे गाव ओळखत असे. त्यांचे वडील सरकीच्या कारखान्यात मुन्शी होते, तेच नाव यांच्याकडे चालत आले. त्यांचे स्वतःचे नाव मला अर्थातच ठाऊक होते. ते येथे का लिहिले नाही, ते शेवटी सांगेन.

मी उतारवयात लिहू लागलेला माणूस आहे. वाक्य जुळवताना आजही मला कोणीतरी मागे उभे राहून वाचते आहे असे वाटते. तेव्हा तुम्ही वाचक म्हणून नको, माझ्याबरोबर त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहून पाहणारे सोबती म्हणून वाचा, म्हणजे मला जरा धीर येईल.

मुन्शीजींचे शोधणे वहीत सुरू होत नसे. आर्णीच्या एका मास्तरांचा दोन महिन्यांचा पगार जमा दिसेना, तेव्हा आम्ही तिघे कारकून खतावण्या उपसत बसलो होतो. मुन्शीजींनी शिपायाला फक्त एवढेच विचारले, "या महिन्यात बँकेत कोन हसत आलता रे?" शिपायाने डोके खाजवून एका वजनकाट्यावाल्याचे नाव घेतले. तो कधी कोणाशी हसत नसे, आणि परवा त्याने शिपायाला पान दिले होते. त्याचे खाते उघडले, तर मास्तरांचा पगार तिथे आरामात बसलेला.

बायकांच्या बाबतीत त्यांची रीत वेगळी होती. नवऱ्याच्या खात्यात पैसे भरायला बाई येई, पासबुक नवऱ्याजवळ असे, आणि नवऱ्याचे नाव ती घेत नसे. गावाचे नाव सांगे, सासऱ्याचे सांगे, घरामागच्या विहिरीची खूण सांगे. नाव मात्र नाही. म्हणून मुन्शीजींनी खातेदारांची गाववार यादी केली होती. बाईने गाव सांगितले की ते पान उघडीत आणि एकेक नाव सावकाश वाचू लागत. चष्मा कपाळावर असे, कारण नावे त्यांना पाठ होती. पान समोर ठेवायचे ते केवळ बाईला संकोच वाटू नये म्हणून. कोठेतरी ते थांबत, खूण करीत आणि पावती लिहीत. एकदा एक म्हातारी मात्र नाव येताच ओरडली, "थोच! थोच तो भांडखोर!" मुन्शीजी गंभीरपणे म्हणाले, "बाई, बँकेत फक्त नाव लिहा लागते. बाकीचं तुमी घरी सांगा."

ते नेमके कशावरून ओळखत, हे मी कधी विचारले नाही. न विचारणे हा माझा स्वभावच होता. नागपूरला शिकून, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन मी या शाखेत आलो होतो आणि सहा महिन्यांत एकाही ग्राहकाचा चेहरा मला ओळखू येत नव्हता. सह्या ओळखू येत, अंगठ्यांचे ठसेही येत. स्त्रीकडे मान वर करून पाहणे मी असभ्य समजतो, असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण भीती होते.

एका बाजाराच्या दिवशी मुन्शीजी रजेवर होते. आणि त्या दिवशी, ज्याची मला धास्ती होती तेच झाले: एक बाई कडेवर पोर घेऊन भरण्याच्या खिडकीशी उभी राहिली.

"पैसे भरा लागते. त्यायच्या खात्यात."

मी गाव विचारले. आर्णीच्या रस्त्यावरचे एक लहान गाव. मी यादी उघडली, मान खाली घातली आणि वाचू लागलो. लक्ष सगळे कानांत गोळा केले होते. काही हुंकार येईल, काही खूण ऐकू येईल. पाच-सहा नावे झाली. 'सखाराम' झाले. काहीच नाही. पुढचे 'नामदेव' वाचले आणि बांगड्या वाजल्या. मला सुटका झाल्यासारखे वाटले. मी नामदेवच्या खात्यावर दोनशे दहा रुपये जमा केले, तिचा अंगठा घेतला, पावती खिडकीतून सरकवली. ती गेली. मान वर करण्याचे कारणच पडले नाही.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, तीच बाई नवऱ्याबरोबर आली. तीच, हे मला नंतर कळले. मी फक्त आवाज ऐकला.

नवरा यवतमाळला इमारतींवर गवंडीकाम करीत होता. दारव्ह्याच्या नगरपालिकेने गावाच्या कडेला नव्या वस्तीसाठी जागा पाडल्या होत्या. त्यातली एक त्याने धरली होती आणि सोमवारी तीन वाजेपर्यंत पैसे भरायचे होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दीड-दोन वर्षे झाली होती. गावकुसाबाहेरच्या जुन्या घरातून निघून आपल्या नावाच्या जागेवर भिंत उभी करायची, एवढे त्याच्या मनात पक्के होते. भरण्यापैकी दोनशे दहा रुपये बायकोने दोन बकऱ्या, एक कालवड आणि पायातले वाळे विकून बँकेत टाकले होते. पासबुकात ते नव्हते.

"जयभीम मुन्शीजी. तुमीच पाहा," तो म्हणाला, आणि मग बायकोकडे वळला. "इनं भावाले देल्ले पैसे. त्याच्या पोरीचं लगन हाय ना! मले कायले सांगते बँकेत टाकले म्हून?"

"नाही देल्ले वो. इथंच देल्ले. आईची आन."

"पावती कोठी हाय?"

पावती तिने पदराच्या गाठीत बांधली होती आणि लुगडे नदीवर तसेच धुतले होते. गाठ सोडून तिने ती काउंटरवर ठेवली. कागदाचा बोराएवढा पांढरा गोळा होता. नवरा तो पाहून हसला. ते हसणे मला आजही ऐकू येते.

"सोमवारपरेंत पैसे नाही दिसले," तो म्हणाला, "तं तू तुह्या भावाच्याच घरी राह्य. पोरगं माह्याजवळ राहीन."

मुन्शीजींनी चष्मा कपाळावर नेला. तारीख विचारली नाही, रक्कमही विचारली नाही. "बाई, तू आली तवा ऊन कोठी होतं?"

"दारात होतं. उंबऱ्याच्या अलीकळे."

"म्हंजे दुपारच्या आधी. तुह्या पुढं कोन होतं?"

"एक बुडी होती. तिच्याजवळ कोंबडं होतं. थे ओरडून राह्यलं होतं."

"अन् पैसे कोन घेतले?"

ती थोडी थांबली. "बाबू होते. पन त्यायनं वरतं पाह्यलंच नाही, तं तोंड कसं ओळखू?"

शाखेत त्या वेळी सात माणसे होती. वर न पाहणारा बाबू कोण, हे सातांनाही ठाऊक होते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या हातातली दौत कलंडली आणि शाई टेबलावर पसरली. मी ती पुसत राहिलो.

मुन्शीजींनी रोकड वही काढली, कोंबड्यावरून ओळखलेला, ते स्वतः रजेवर असलेला बाजाराचा दिवस काढला, आणि बोट एका ओळीवर ठेवून मला बोलावले. माझेच अक्षर. चांगले, वळणदार. नामदेव, दोनशे दहा. मग त्यांनी खतावणी उघडली. पुढच्याच बाजारी नामदेवने सगळी रक्कम काढून नेली होती.

त्यांनी नवऱ्याला एवढेच सांगितले, "पाहुणा घर चुकला. इथलीच चूक हाय, बाईची नाही. सोमवारी आनतो."

"तुमी बायायची बाजू घेता मुन्शीजी. नोटा दाखवा, मंग मानतो."

मॅनेजर म्हणाले, पैसे परत आल्याखेरीज नोंद उलटवता येणार नाही. तो नियमच होता. नवरा-बायको निघून गेली. तो पुढे, ती मागे, आणि पोर त्याच्या कडेवर. मी तिथे उभा असून 'चूक माझी' हे दोन शब्द उच्चारू शकलो नाही, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

ओसरीत गेल्यावर मुन्शीजींनी विचारले, "काय ऐकलं होतं तू?"

"बांगड्या," मी म्हणालो.

"हूं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. मग म्हणाले, "अरे बाबू, नाव येऊन राह्यलं तोवर बाई चुळबूळ करते. पदर वढते, पोराले इकळून तिकळं घेते. नाव आलं की थांबते. श्वास सुद्धा थांबते तिचा. तू सखाराम वाचलं, ती थांबली. तू पुढं गेला. तिले वाटलं झालं काम, तिनं पोराले दुसऱ्या कडेवर घेतलं. थ्या बांगड्या तिच्या सुटकेच्या होत्या."

त्या संध्याकाळी ते सायकलवर त्या गावी जाऊन आले. नामदेवचे गावात किराणा दुकान होते. दुकानावर त्याचा भाऊ होता. नामदेव चतुर्थीला कळंबला गेला होता, सोमवारी रात्री परतणार होता. सोमवारी रात्री म्हणजे आमच्या दृष्टीने कधीच नाही.

रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. यवतमाळला गाडी बदलली. वाटेत मी तीन वेळा विचारले, तो नाही म्हणाला तर? पैसे उरलेच नसले तर? मुन्शीजी पहिल्या वेळी म्हणाले, "पाहू." दुसऱ्या वेळी खिडकीबाहेर पाहू लागले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "डोसक्यात गाडी चालवू नको. बाहेर गाडी चालूनच राह्यली हाय." त्यांनी खिशातून शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. मी ते मुठीत तसेच धरून ठेवले. माझ्या डोळ्यांसमोर सोमवारचे तीन वाजत होते आणि ती बाई एकटी भावाच्या घराच्या वाटेला लागलेली दिसत होती.

कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. चतुर्थीची गर्दी होती. पायऱ्यांच्या तोंडाशी मुन्शीजी एका दगडावर बसले.

"चपला मी पाह्यतो. तू खाली जा."

"मी? एकटा?"

"अन् वरतं पाहून बोल."

ते मंदिराबाहेर थांबले ते मुसलमान म्हणून की माझ्यासाठी, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. एरवी गावातल्या प्रत्येक लग्नात मांडवाच्या आत बसणारा तो माणूस होता.

खाली कुंडापाशी दीडदोनशे माणसे असतील. नामदेव माझ्या खिडकीशी किमान दहादा येऊन गेला होता आणि मी त्याला ओळखत नव्हतो. त्याचा अंगठा दाखवला असता तर ओळखला असता. दोनदा मी पायऱ्या चढून परत जायला निघालो. शेवटी ओल्या भिंतीला पाठ लावून मी मोठ्याने हाक मारली, "नामदेवराव!" आयुष्यात इतक्या माणसांत इतक्या मोठ्याने मी काही बोललो नव्हतो.

तिघांनी मागे वळून पाहिले. एकाने "काय वो?" म्हणूनही विचारले. पण कुंडाच्या कडेला एक माणूस नारळ धुवत होता, त्याचे हात पाण्यातच थांबले. तो वळला नाही, हललाही नाही. मी त्याच्यापाशी गेलो.

"बँकेचा बाबू ना तू?" तो खालीच पाहत म्हणाला.

"हो. आमचा एक पाहुणा आपल्याकडे उतरला आहे."

"कोन पाहुणा?"

"दोनशे दहा रुपये. ते सखारामचे आहेत. चूक माझ्या हातून झाली."

त्याने नारळ बाहेर काढला आणि धोतराला पुसला. "मले वाटलं जावयानं उसने फेडले." मग जरा थांबून, "तवाच मनात आलं होतं म्हना. जावई इतका शहाना नाही." बंडीच्या आतून त्याने पिशवी काढली. दीडशे निघाले. उरलेले साठ त्याने शेजारी उभ्या असलेल्या साडूकडून मागून घेतले आणि माझ्या हातावर मोजून ठेवताना म्हणाला, "इतकं शिकला बाप्पा, अन् एक नाव लिहिता नाही आलं? अन् पयले काहून नाही आला? मी भांडे घेऊन बसलो ना धाकटीच्या लग्नाचे!"

मी वर पाहूनच ऐकून घेतले.

वर आलो तेव्हा मुन्शीजींच्या भोवती चपलांचे पंधरावीस जोड जमले होते. लोकांनी त्यांना राखणदार समजून आपापल्या चपला तिथे काढल्या होत्या. कोणी पैसेही ठेवले होते. "एक आना कमावला," ते म्हणाले. "तू किती आनले?"

सोमवारी बँक उघडायच्या आधीपासून सखाराम पायरीवर बसलेला होता. पोर त्याच्या मांडीवर. बायको रस्त्यापलीकडे झाडाखाली, बरोबर कपड्यांचे एक गाठोडे. जागा हातची गेली असती तर गेली असती, पण हे गाठोडे माझ्या खाली घातलेल्या मानेने बांधले होते.

मुन्शीजी दाराशी आले आणि नुसते माझ्याकडे पाहत राहिले. चष्मा कपाळावर.

मी रस्ता ओलांडून झाडापाशी गेलो. सखारामही मागोमाग आला. मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी तुम्ही पैसे दिले होते. मी तुमच्याकडे पाहिले नाही, म्हणून ते दुसऱ्याच्या नावावर लिहिले. यात तुमचा किंवा तुमच्या भावाचा काही संबंध नाही. पैसे आले आहेत."

हे बोलताना मी तिच्याकडे पाहत होतो. सावळा, थकलेला चेहरा होता. एका भुवईवर जुनी खोक होती. तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिले.

"बाबूले डोये हायेत म्हना की!" ती म्हणाली.

सखारामने आधी पोर तिच्या हातात दिले आणि मग खाली वाकून गाठोडे स्वतःच्या खांद्यावर घेतले. साडेअकराला तो नगरपालिकेच्या दाराशी होता. त्या जागेवरची विटांची भिंत मी पुढे कैक वर्षे जाता-येता पाहत असे.

चुकांच्या वहीत माझे नाव मी स्वतः लिहिले. मॅनेजरांनी लेखी ताकीद दिली. मुन्शीजींनी ती वाचून पाहिली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं हाय सायबायचं." त्यानंतर बायकांच्या खिडकीवर यादी वाचायला ते मलाच बसवू लागले. स्वतः मागे उभे राहत. मी एखादे नाव घाईने ओलांडू लागलो की मागून हलकेच खाकरत.

अशी सहा-सात वर्षे गेली. मग एका सकाळी ते आले नाहीत. दुपारी निरोप आला की चहा पिता पिता गेले. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसेना. पुढे ती ओसरीत नेऊन ठेवली गेली. घर चुकलेला पैसा आला की आम्ही सवयीने तिकडे पाहत असू.

इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याचे, चार महिने दहा दिवस झाल्यावर त्यांच्या बीबी बँकेत आल्या. बुरखा होता, बरोबर धाकटी मुलगी होती. मुन्शीजींच्या खात्यात थोडे पैसे होते, ते घ्यायचे होते. मॅनेजर नवे होते, परजिल्ह्यातले. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि म्हणाले, "खातेदाराचे नाव सांगा."

बीबी गप्प.

"बाई, नाव सांगितल्याशिवाय मला लिहिता येत नाही. तुम्ही स्वतः सांगायला हवे."

मुलगी काही सांगू लागली, तर मॅनेजरांनी हाताने थांबवले. बीबींची मान आणखी खाली गेली. त्यांच्या बोटांत तसबीची माळ होती. एकेक मणी पुढे सरकत होता, जरा भरभर.

मी उठलो. मॅनेजरांना म्हणालो, "साहेब, आमच्याकडे याची एक रीत आहे." गाववार यादी काढली, दारव्ह्याचे पान उघडले. नाव कोठे आहे ते मला डोळे मिटून सांगता आले असते. तरी मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. चष्मा मलाही लागला होता. तो मी कपाळावर ठेवला आणि मान वर करून, सावकाश, एकेक नाव वाचू लागलो. सात नावे झाली. आठ झाली. मणी सरकत होते.

मग ते नाव आले. ज्या माणसाने आयुष्यभर इतरांच्या घरची नावे अशी हलकेच वाचली, त्याचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचे मोठ्याने वाचले. बीबींनी ते घेतले नाही, म्हणून मीही येथे ते लिहीत नाही.

दोन बोटांच्या मध्ये एक मणी तसाच थांबला होता. मी पुढचे नाव वाचले नाही.